केसपेपरवर न उतरणारी मारहाण : कोकण किनाऱ्यावरील प्राथमिक आरोग्य केंद्रांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरील प्राथमिक आरोग्य केंद्रांचे सर्व वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी व आरोग्य सेविका, तसेच त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारे जिल्हा परिषदांचे आरोग्य विभाग यांस

विषय : नवऱ्याच्या मारहाणीनंतर उपचारास येणाऱ्या स्त्रियांना मिळणारी वागणूक व त्यांच्या केसपेपरवरील नोंदी

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातील काही बचत गटांच्या महिलांनी गेल्या पावसाळ्याआधी आरोग्य खात्याच्या एका कार्यालयाकडे लेखी अर्ज दिला होता. नवऱ्याने मारलेली बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात आली तर तिची तपासणी चारचौघांसमोर होऊ नये, तिच्या अंगावरच्या इजा केसपेपरवर नीट लिहिल्या जाव्यात आणि त्या कागदाची प्रत तिला मागताच मिळावी, एवढेच त्या अर्जाचे मागणे होते. त्यावर उत्तर आले की, सदर बाब पोलीस विभागाच्या अखत्यारीतील असल्याने या कार्यालयाकडून कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही. त्या कार्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण हेच उत्तर तोंडी मी इतक्या खिडक्यांवर ऐकले आहे की एकाच कार्यालयाला वेगळे काढून दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ते उत्तर कायद्याला धरून नाही, आणि ते तसेच फाईलला लागून राहिले तर उद्या पुढच्या अर्जाला जोडून तेच पाठवले जाईल. म्हणून हे पत्र सर्वांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे.

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याखालचे अर्ज हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. बाई माझ्यासमोर येऊन बसते तेव्हा मारहाणीला बहुधा काही महिने उलटलेले असतात. वळ गेलेले असतात, हाड सांधलेले असते आणि साक्षीदार म्हणावे तर सासरच्याच घरातली माणसे असतात. अशा वेळी ती प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला आपल्या केंद्राचा केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवते. तिला वाटते की आता पुरावा मिळाला. मी तो उलगडते आणि त्यावर ‘हिस्टरी ऑफ फॉल’ (पडल्याने इजा) एवढीच ओळ असते, खाली धनुर्वाताचे इंजेक्शन, वेदनाशामक गोळ्या आणि सही. समोरचा वकील न्यायालयात तोच कागद हातात धरून विचारतो की, बाई स्वतःच डॉक्टरांना पडले म्हणून सांगते, मग माझ्या अशिलाला घराबाहेर ठेवण्याचा आदेश कशाच्या आधारावर मागता? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असते, पण ते कागदावर नसते. या विषयात माझा जो काही संबंध आहे तो हा.

आता ‘पोलिसांची बाब’ या उत्तराविषयी. २००५ चा हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचे संरक्षण देणारा आहे : मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा. या कायद्याच्या कलम ७ मध्ये वैद्यकीय सुविधेच्या प्रभारी व्यक्तीवर अशा स्त्रीला वैद्यकीय मदत देण्याचे कर्तव्य थेट टाकलेले आहे. त्याखालील २००६ च्या नियमांतील नियम १७ तर इतका स्पष्ट आहे की त्यावर वाद घालायला जागा नाही. कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे घरात झालेल्या हिंसेची ठरावीक नमुन्यातली नोंद, आधी दिलेला नाही या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. असा अहवाल झालेला नसेल तर वैद्यकीय सुविधेच्या प्रभारी व्यक्तीने नमुना १, म्हणजे या अहवालाचाच नमुना, भरून तो स्थानिक संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली स्त्रीला मदत करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवायचा आहे. आणि वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत स्त्रीला मोफत द्यायची आहे. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यानंतर रुजू झालेल्या किती वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नमुना १ पाहिला आहे, हे आपल्या विभागाने एकदा आपल्याच माणसांना विचारून पाहावे. मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांनी मलाच तो दाखवायला सांगितला, आणि मी दाखवला.

आपल्याकडे ती का येते, हेही लक्षात घ्यावे. पोलीस ठाणे, संरक्षण अधिकारी, न्यायालय ही सगळी नंतरची ठिकाणे आहेत. देवळात गाऱ्हाणे घालण्याच्याही आधी ती दवाखान्याची पायरी चढते, कारण कपाळाला टाके घालावे लागणार असतात, आणि दवाखान्यात जाते असे म्हणून घराबाहेर पडता येते. पोलिसांत जाते असे म्हणून पडता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या स्त्रिया फक्त १४ टक्के आहेत. उरलेल्या कोणाला काही सांगत नाहीत असे आपण म्हणतो खरे, पण डोकेदुखी, कंबरदुखी, झोप न लागणे, पोटात सतत दुखणे अशा तक्रारी घेऊन त्या आपल्या ओपीडीच्या बाकावर बसलेल्या असतात. सांगण्याची त्यांची रीत वेगळी असते, एवढाच फरक. मालवणकडची एक बाई मला म्हणाली होती, ‘‘घोवान मारल्यान ह्यां कोणाक सांगूचां?’’ (नवऱ्याने मारले हे कोणाला सांगायचे?) तिच्या केसपेपरवर एका वर्षात निरनिराळ्या तारखांना अंगदुखीच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्या, आणि एकदाही कोणी तिला पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार नोंदीविषयी आहे. बाई घाबरून ‘विहिरीच्या पायऱ्यांवर घसरले’ किंवा ‘न्हाणीत पडले’ असे सांगते हे मान्य. परंतु डॉक्टरांचे काम तिचे शब्द उतरवून घेण्यावर संपत नाही; शरीर काय सांगते तेही लिहायचे असते. पडलेल्या माणसाचे बहुधा तळहात, गुडघे, ढोपरे खरचटतात. मारलेल्या बाईच्या इजा डोळ्याभोवती, ओठांवर, कानशिलावर, मानेवर, दंडावर असतात. आणि मार चुकवायला हात वर घेतल्यामुळे मनगट आणि कोपर यांच्यामधल्या, करंगळीकडच्या हाडाला बसलेला मार तर वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातलाच आहे. एकाच वेळी अंगावर वेगवेगळ्या दिवसांच्या जखमा असणे, सांगितलेले कारण आणि इजेची जागा न जुळणे, मार लागून दोन-तीन दिवसांनी उपचाराला येणे, या गोष्टी केसपेपरवर लिहायला निदानाचीही गरज नाही, नुसते पाहून लिहिणे पुरेसे आहे. इजेची जागा, आकार, मोजमाप, शक्य असल्यास शरीराच्या छापील आकृतीवरची खूण, तिने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले, कोणी मारले असे सांगितले, आणि ‘सांगितलेले कारण इजेशी जुळत नाही’ असे एक वाक्य, इतके असेल तर न्यायाधीशांना निर्णय देण्यासाठी पायाखाली जमीन मिळते. कायद्यानुसार अशा अर्जाची पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हायचा आहे. प्रत्यक्षात काय होते तो दुसऱ्या पत्राचा विषय आहे, पण त्या लांबणीत ‘हिस्टरी ऑफ फॉल’ या ओळीचाही वाटा असतो.

याच नोंदींमध्ये विषप्राशनाच्या घटना येतात आणि त्यांच्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. आमच्या भागात आंब्याच्या कलमांच्या फवारणीसाठी आणलेली कीटकनाशके मांगरात (बागेतल्या खोपटात) सहज हाताशी असतात. ती पिऊन आलेल्या बाईच्या कागदावर ‘चुकून प्राशन’ असे लिहून, पोट धुऊन, सलाईन लावून पुढच्या रुग्णालयात पाठवले जाते. पोलिसांचा ससेमिरा मागे लागू नये हा यामागचा चांगला हेतू मला समजतो. परंतु मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायला सांगितले आहे, तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे. त्यामुळे खोटे लिहून तिला वाचवण्याची आता गरज नाही. ‘चुकून’ या शब्दामुळे घरात काय घडले हे विचारण्याची शेवटची संधी मात्र जाते. गळा आवळण्याचेही तसेच आहे. मानेवर कधी कधी काहीच खूण दिसत नाही, पण आवाज बसलेला असतो, गिळताना दुखते. ‘घसा धरला’ म्हणून वाफारा घ्यायला सांगून परत पाठवलेली स्त्री मी पाहिली आहे. गळा आवळला जाणे हे पुढच्या जीवघेण्या हल्ल्याचे गंभीर पूर्वचिन्ह मानले जाते, हे मी वकील असून मला वाचून कळते. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ते यायलाच हवे.

दुसरी तक्रार आडोशाची. आपल्या केंद्रांतल्या ओपीडीची रचना मला ठाऊक आहे : एक टेबल, समोर स्टूल, दारात रांग, आणि रांगेतले पहिले तीन रुग्ण जवळजवळ टेबलाला टेकलेले. सासू किंवा नवरा बाजूलाच उभा असतो आणि ‘काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर तोच देतो. अशा ठिकाणी कोणती बाई खरे बोलेल? त्यातून शिपाई, सफाई कामगार, कधी आरोग्य सेविकासुद्धा त्याच पंचक्रोशीतली असते, आणि दुपारी केंद्रात बोललेले संध्याकाळी वाडीवर पोहोचते. ज्या गावांत गावकीचा धाक अजून आहे तेथे याचे परिणाम तिच्या एकटीवर थांबत नाहीत, माहेरच्या माणसांनाही भोगावे लागतात. पडदा लावायला आणि ‘बाईंना एकटीला तपासायचे आहे, आपण बाहेर बसा’ असे सर्वांना सरसकट सांगायला निधी लागत नाही.

तिसरी तक्रार उपदेशाची आहे आणि ती लिहिताना मला संयम राखावा लागतो. ‘संसारात भांड्याला भांडे लागायचेच’, ‘तो दारू प्यायला की तू समोर जाऊ नकोस’, ‘गणपतीला घरी येतो तेवढे दिवस सांभाळून घे’. हे सल्ले देणारी माणसे दुष्ट नाहीत. कित्येक आरोग्य सेविकांनी स्वतःच्या घरात हेच ऐकलेले असते. तरीही केंद्रातल्या खुर्चीवरून दिलेला सल्ला सरकारने दिलेला सल्ला ठरतो. काही ठिकाणी तर डॉक्टरांनी चांगुलपणाने नवऱ्याला बोलावून समज दिली, आणि त्या रात्री ‘डॉक्टरला सांगितलंस?’ म्हणून तिला पुन्हा मारले गेले. समेट घडवणे हे आरोग्य केंद्राचे काम नाही. तिच्या संमतीशिवाय नवऱ्याशी, वाडीच्या पुढाऱ्याशी किंवा सरपंचांशी एक शब्दही बोलू नये.

चौथी गोष्ट आपल्या किनाऱ्याची आहे. ‘हिचा नवरा मुंबईला असतो, हिला कोण मारणार?’ असे मी एका केंद्रात ऐकले. चाकरमान्यांच्या गावात हा समज फार पसरलेला आहे. नवरा दूर असला तरी पैसे तो अडवतो, फोनवरून संशय घेतो, सासरच्यांकडून पाळत ठेवतो, आणि शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीत घरी आला की वर्षभराचा हिशेब चुकवतो. सणांनंतरच्या आठवड्यात आपल्या ओपीडीत कोण येते ते पाहिले तरी पुरे. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैच्या महिन्यांबद्दलही बायका माझ्याकडे असेच बोलतात, आणि त्याच महिन्यांत रस्ते, होड्या, एसटीच्या फेऱ्या सगळेच अडखळते. आंब्याच्या बागांत राखणीला आणि कामाला राहिलेल्या नेपाळी कुटुंबांतील स्त्रियांना तर भाषाही सोबत देत नाही. त्यांच्या वतीने नेहमी नवराच बोलतो.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगते. ‘आधी पोलिसांत जाऊन या, मग तपासतो’ हे वाक्य अजूनही ऐकू येते आणि ते बेकायदेशीर आहे. याउलट काही डॉक्टर बाईला न विचारता परस्पर ठाण्यात फोन करतात, तेही तितकेच घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आरोग्य कर्मचाऱ्यांनी जोडीदाराच्या हिंसेची माहिती पोलिसांना सक्तीने कळवण्याची शिफारस केलेली नाही. पण स्त्रीची इच्छा असेल तर मदत करावी असे म्हटले आहे. गंभीर इजेत एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करावीच लागते, हे मला ठाऊक आहे. पण एमएलसी, एफआयआर आणि कौटुंबिक घटना अहवाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घटना अहवाल संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यालाही दिली जाते; म्हणून नमुना १ भरण्याआधी त्याचे पुढे काय होईल हे तिला समजेल अशा बोलीत सांगणे आवश्यक आहे.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. रिक्त पदे, एका डॉक्टरवर दोन केंद्रांचा भार, रात्रीची प्रसूती, सकाळची ओपीडी, दुपारच्या ऑनलाइन बैठका, आणि त्यातून न्यायालयाचे समन्स आले तर बदली होऊन गेल्यावरही शंभर मैल उलट प्रवास. नोंद मोघम ठेवण्यामागे ही साक्षीची भीती असते, हे मला कित्येक तरुण डॉक्टरांनी खासगीत सांगितले आहे. त्यांना मी एवढेच सांगू शकते की नोंद जितकी नेमकी तितकी उलटतपासणी लहान होते. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याने) साक्ष दृक्-श्राव्य माध्यमातून घेण्याची वाट मोकळी केलेली आहे, तिचा वापर करून घेण्यासाठी विभागाने न्यायालयांशी बोलावे. प्रत्येक स्त्रीला हा प्रश्न विचारत बसा, असेही मी म्हणत नाही. वर सांगितलेली मार्गदर्शक तत्त्वेही सरसकट चौकशीच्या बाजूची नाहीत; खुणा दिसतील तेथे आणि गरोदरपणाच्या तपासणीत विचारा, पण एकांत, प्रशिक्षण आणि पुढे पाठवण्याची सोय असेल तरच, असे ती सांगतात. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रिया येतातच. नवऱ्याच्या लाथेने गर्भपात, अकाली प्रसूती, कमी वजनाचे मूल असे सगळे संभवते. मग हिमोग्लोबिनबरोबर हाही प्रश्न विचारणे आरोग्याच्या कामात कसे मोडत नाही?

हे जमण्याजोगे आहे याचा दाखला लांब शोधायला नको. मुंबई महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या सुरुवातीला ‘सेहत’ या संस्थेच्या साहाय्याने ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. तेथे डॉक्टर आणि परिचारिकांना खुणा ओळखून स्त्रीला त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवायला शिकवले गेले, आणि पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे उभी राहिली. आपल्या प्रत्येक गावातली निम्मी घरे मुंबईला जोडलेली आहेत. तीच बाई नवऱ्याच्या खोलीवर असताना वांद्र्यात जे मिळवू शकते, ते गावी आल्यावर तिला का मिळू नये?

म्हणून पुढील मागण्या करीत आहे. ‘पोलीस विभागाची बाब’ हे उत्तर मागे घेऊन, कलम ७ आणि नियम १७ यांचा उल्लेख असलेले लेखी परिपत्रक जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रास व उपकेंद्रास पाठवावे, आणि त्यासोबत नमुना १ व स्त्रीच्या हक्कांची माहिती देणारा नमुना ४ यांच्या छापील मराठी प्रती द्याव्यात. इजांच्या नोंदीसाठी शरीराची आकृती असलेले एक पान केसपेपरला जोडण्याची सोय करावी. तपासणी अहवालाची प्रत त्याच दिवशी, मोफत द्यावी. मात्र ती घरी नेणे धोक्याचे वाटत असेल तर केंद्रातच सुरक्षित ठेवून नंतर देण्याची मुभा असावी. प्रत्येक केंद्रात एकांताची जागा ठरवावी, आणि गोपनीयता फोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर काय कारवाई होईल हे आधीच लिहून ठेवावे.

वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, सेविका आणि आशा यांचे प्रशिक्षण घ्यावे. आशांसाठी स्त्रियांवरील हिंसेबाबतची वेगळी हस्तपुस्तिका केंद्र पातळीवर तयार झालेली आहे. ती कपाटाबाहेर काढावी. आशाताई त्याच वाडीत राहतात, तेव्हा घरात शिरून मध्यस्थी करण्याचे ओझे त्यांच्यावर टाकू नये. माहिती देणे आणि सोबत जाणे एवढेच त्यांचे काम ठरवावे.

तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी, महिला हेल्पलाइन १८१, तातडीचा क्रमांक ११२ आणि विधी सेवेचा १५१०० हे स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लावावेत, जेथे नवरा सोबत येत नाही. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही तेथेच लिहावे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांना एकाच छताखाली मदत देणारे सखी वन स्टॉप सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. मंडणगडच्या किंवा देवगडच्या टोकाच्या गावातून तेथे जाऊन त्याच दिवशी परतणे लहान मूल कडेवर असलेल्या बाईला जवळजवळ अशक्य असते. म्हणून गरज पडेल तेव्हा तिला केंद्राच्या वाहनाने तेथे पोहोचवण्याची तरतूद रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून करता येते का, याचा निर्णय समित्यांनी घ्यावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा.

माझ्या बाजूने, कोणत्याही केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना नमुना १ कसा भरावा आणि न्यायालयात कोणती नोंद टिकते हे समजावून सांगण्यासाठी मी विनामूल्य येईन. सुट्टीचा दिवस सांगावा. बचत गटांच्या मूळ अर्जाला आता कायद्याच्या तरतुदींसह नव्याने लेखी उत्तर मिळावे, अशी त्या महिलांची आणि माझी मागणी आहे. ते उत्तर पुढच्या जिल्हा परिषद आरोग्य समितीच्या सभेपूर्वी मिळाले नाही, तर हाच विषय आम्ही त्या सभेच्या विषयपत्रिकेसाठी सदस्यांमार्फत देणार आहोत.

आपली नम्र,
तालुका न्यायालयात काम करणारी एक वकील